अनुबोधपट आणि कार्यकर्त्याची प्रेरणा

(जळगाव-धुळे भागातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, केळीबागांची नुकसानभरपाई, सातपुड्यातील वनहक्कांचे दावे हे विषय बाजूला ठेवून आज चित्रपटांवर बोलायचे ठरवले, याचे तुम्हांपैकी काहींना नवल वाटले असेल. तरीही हा विषय मी आग्रहाने घेतला आहे. ज्या तरुणांपर्यंत आपण पोहोचू इच्छितो, त्यांच्यापर्यंत आपल्या आधी दुसरेच कोणी तरी पोहोचलेले असते, हे त्याचे कारण. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथील अभ्यासिकांत तलाठी-पोलीस भरतीपासून राज्यसेवेपर्यंतच्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली दिवसभर बसलेली असतात. ही शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, हमालांची मुले. पुस्तक मिटले की हातात मोबाइल येतो आणि त्यावर 'प्रेरणादायी' म्हणवल्या जाणाऱ्या चित्रफितींचा ओघ सुरू होतो. आपली सभा महिन्यातून एकदा होते. ही सभा त्यांच्या उशाशी रोज रात्री भरते. तेथे काय सांगितले जाते, याकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणार नाही.

या चित्रफितींचा साचा ठरून गेला आहे. एक वक्ता व्यासपीठावर उभा असतो, पाठीमागे हृदय हेलावणारे संगीत असते. अमुक गरीब मुलगा रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून मोठा अधिकारी झाला, तमुक माणसाने टपरीपासून सुरुवात करून कारखाना उभारला, असे तो सांगतो. मनात आणाल तर अशक्य असे काही नाही, हे त्याचे तात्पर्य. यात सगळेच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. कष्टाची, चिकाटीची थोरवी आपणही गातो. कष्टकऱ्यांची चळवळ तिच्यावाचून उभीच राहिली नसती. परंतु या तात्पर्याला एक न उच्चारलेली दुसरी बाजू आहे. मनात आणल्याने सर्व काही मिळत असेल, तर ज्याला मिळाले नाही त्याच्या मनातच खोट होती, असा तिचा अर्थ होतो. दहा जागांसाठी हजार अर्ज आले, तर हजारांनीही कितीही रक्त आटवले तरी नऊशे नव्वद जण बाहेर राहणारच. हा साधा हिशोब त्या व्यासपीठावरून कधी मांडला जात नाही. त्यामुळे बेकारीचा सामाजिक प्रश्न त्या मुलाच्या खाजगी लाजेचा विषय होऊन बसतो. तो गावी जायचे टाळू लागतो, आईबापांसमोर मान खाली घालतो. बोंडअळीने आणि पडलेल्या भावाने खचलेल्या शेतकऱ्याला मन कणखर ठेवण्याचा उपदेश केला जातो, तेव्हाही नेमके हेच घडते. ज्या व्यवस्थेने त्याला खचवले, तिच्याकडे बोट दाखवण्याऐवजी ते त्याच्याच छातीकडे वळते.

सर्व चित्रफिती एका माळेत ओवाव्यात, असा मात्र माझा हेतू नाही. पानी फाउंडेशनने २०१६ साली तीन तालुक्यांत पाणलोट विकासाची स्पर्धा सुरू केली आणि पुढील वर्षांत ती महाराष्ट्राच्या अनेक दुष्काळी तालुक्यांत नेली. खानदेशातील तालुकेही तिच्यात उतरले. त्या संस्थेने केलेल्या चित्रफिती मी कार्यकर्त्यांना पाहायला सांगतो. समपातळी रेषा कशी आखावी, बांध कोठे घालावा, पावसाचे पाणी जिरते कसे, हे त्यांत नीट समजावून दिले आहे. आणि पडद्यावर एकटा नायक न दिसता कुदळ-फावडे घेऊन निघालेले गाव दिसते. ही उपयुक्त लोकविद्या आहे. तथापि त्या पाहून झाल्यावर एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. ज्या भूमिहीन मजुराने चाळीस दिवस श्रमदान केले, त्याच्या वाट्याला त्या जिरवलेल्या पाण्यातून काय आले? पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला होता. भूमिहीनालाही त्यात हक्क होता आणि उसाला मज्जाव होता. श्रम करायला लावणारी प्रेरणा आणि श्रमाच्या फळाची न्याय्य वाटणी करणारा विचार यांची गाठ अशी घालावी लागते. चित्रफीत पहिली गोष्ट देऊ शकते. दुसरी आपल्याला चर्चेतून आणावी लागेल.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आज ज्याला आपण सर्रास माहितीपट म्हणतो, त्याला मराठीत 'अनुबोधपट' असा एक जुना शब्द आहे. मला तो अधिक अर्थपूर्ण वाटतो. माहिती दिली की देणाऱ्याचे काम संपते. अनुबोधात पाहणाऱ्याला काही उमजणे अभिप्रेत असते, आणि उमजण्याला वेळ लागतो. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारी एक छोटी फीत तयार केली होती. कुंडीत पेरलेल्या बीचे चित्र थोड्या थोड्या वेळाने एकेक करून घ्यायचे, असा क्रम त्यांनी अनेक दिवस चालवला आणि पडद्यावर ते रोप काही क्षणांत वर आले. ती फीत पाहून भांडवल देणाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास बसला. उत्तम अनुबोधपटाचे मर्म मला या उदाहरणात दिसते. रोज पाहणाऱ्या डोळ्याला न दिसणारी वाढ तो दाखवतो. संघटनाही अशीच वाढते. पहिल्या बैठकीला पाच माणसे आणि चौथ्या वर्षी पाच हजारांचा मोर्चा, यांच्यामधल्या काळात काय घडले, हे मोर्चाच्या छायाचित्रात दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले. तुमच्यातील ज्येष्ठांना आठवत असेल की, मुख्य चित्रपटाआधी समाचारचित्र किंवा अनुबोधपट दाखवणे चित्रपटगृहांवर बंधनकारक होते. त्या संस्थेत गुणी माणसे होती आणि तिने मोलाचा ऐवज जतन केला, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्या चित्रांत बहुधा एकच आवाज ऐकू येई, आणि तो निवेदकाचा असे. धरणाच्या भिंतीवर काँक्रीट ओतले जात असताना तो धीरगंभीर आवाज राष्ट्राच्या प्रगतीची ग्वाही देई. भिंतीच्या वरच्या बाजूला ज्यांची गावे होती, त्यांना त्या पडद्यावर तोंड नव्हते.

त्यांना तोंड मिळाले ते पुढे, आणि ते आपल्याच जिल्ह्यात. आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांची 'नर्मदा डायरी' १९९५ साली पूर्ण झाली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील जी तेहतीस गावे जाणार होती, ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मणिबेली हे त्यांतील अगदी पहिले गाव. धुळे शहरातील माणसाला मुंबई जवळची वाटावी आणि मणिबेली दूरची, अशी त्या वेळी स्थिती होती. ज्या गावांचा कागद आपल्याच जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत हलत होता, ती गावे आपल्यातील अनेकांनी प्रथम या चित्रपटात पाहिली.

हा चित्रपट पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याला 'डायरी' हे नाव उगाच दिलेले नाही. कॅमेरा तेथे एका दिवसासाठी गेला आणि रडणारी म्हातारी टिपून परतला, असे झालेले नाही. तो वर्षानुवर्षे जात राहिला. त्यामुळे आदिवासी माणूस तेथे दयेचा विषय म्हणून येत नाही. तो बोलतो, वाद घालतो, अधिकाऱ्याला प्रश्न विचारतो. लवादाने १९७९ साली निवाडा दिला होता, जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे तत्त्व त्यात होते. मग अडचण कोठे आली? पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्यांपैकी अनेकांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. कागदाच्या लेखी ते अतिक्रमक होते आणि अतिक्रमकाला कसली भरपाई, असा हा तर्क. वनहक्काच्या दाव्यांसाठी तुम्ही आज जे पुरावे गोळा करत हिंडता, त्या कामाची मुळे या प्रश्नात आहेत.

त्या लढ्यातील घटना तुमच्यातील तरुणांना ठाऊक असतीलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९० च्या डिसेंबरात खोऱ्यातील हजारो माणसे संघर्षयात्रेने निघाली, बाबा आमटे त्यांच्यासोबत होते. गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे त्यांना अडवण्यात आले आणि तेथे मेधा पाटकर व त्यांचे सहकारी १९९१ च्या जानेवारीत तीन आठवडे उपोषणाला बसले. अली काझिमी यांचा १९९४ सालचा नर्मदा खोऱ्यावरील अनुबोधपट या यात्रेचाच आहे. 'नर्मदा डायरी'सोबत तोही पाहावा. जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. लढ्यामुळे बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. त्या समितीने १९९२ साली पुनर्वसनावर आणि पर्यावरणीय अभ्यासाच्या उणिवांवर कठोर अहवाल दिला आणि १९९३ च्या मार्चमध्ये उरलेल्या कर्जावर पाणी सोडावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत पाणी शिरले, तरी माणसे हलली नाहीत. नोव्हेंबरात पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा आदिवासी तरुण मारला गेला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो मी टाळणार नाही. धरण शेवटी झालेच ना? सर्वोच्च न्यायालयाने २००० च्या ऑक्टोबरमध्ये बांधकामाला परवानगी दिली, २०१७ साली पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पणही झाले. मग पराभवाचा हा चित्रपट पाहून कार्यकर्त्याला उमेद कशी यावी? याचे उत्तर मी असे देतो. प्रकल्प थांबवण्याच्या मागणीत खोऱ्यातील माणसांना यश आले नाही, हे सरळ कबूल करावे. परंतु जागतिक बँकेला १९९३ साली स्वतःच्या प्रकल्पांविरुद्धच्या तक्रारी तपासणारे निरीक्षण मंडळ स्थापावे लागले, त्यामागे नर्मदेचा अनुभव होता. सातपुड्याच्या ज्या पाड्यांत सरकारी शाळा कागदावरच चालत होत्या, तेथे आंदोलनाच्या जीवनशाळा उभ्या राहिल्या आणि त्यांतून मुले शिकून बाहेर पडली. तळोद्याच्या वसाहतींत ज्यांना जमिनी मिळाल्या, त्यांना त्या निवाड्यातील शब्दांमुळे आपोआप मिळाल्या नाहीत. एकेका कुटुंबासाठी भांडावे लागले. ही सारी प्राप्ती आणि ती सारी हानी एकत्र मांडून हिशोब करायला हा चित्रपट शिकवतो. यशाचीच गोष्ट ऐकून ज्याला उत्साह येतो, त्याचा उत्साह पहिल्या अपयशाला मावळतो. आपल्याला आयुष्यभर पुरणारी शिदोरी हवी आहे.

आपल्या चळवळीच्या जवळचा आणखी एक चित्रपट आहे. पटवर्धनांनी १९७५ साली पूर्ण केलेला 'क्रांती की तरंगें' हा सुमारे अर्ध्या तासाचा अनुबोधपट जयप्रकाशजींच्या बिहार आंदोलनावर आहे. ४ नोव्हेंबर १९७४ च्या पाटण्याच्या मोर्चाचे चित्रण करायला त्यांच्याजवळ पुरेशी साधनेही नव्हती. घरगुती वापराच्या लहान कॅमेऱ्याने चित्रण करायचे, ते पडद्यावर पाडायचे आणि मोठ्या कॅमेऱ्याने त्या पडद्याचे पुन्हा चित्रण करायचे, अशी युक्ती त्यांनी केली. त्यामुळे चित्र अंधुक आहे, पण त्या दिवसाचा लाठीमार त्यात आहे. आणीबाणी आली तेव्हा ही फीत लपवावी लागली, तुकड्या-तुकड्यांनी देशाबाहेर न्यावी लागली. साधने नाहीत म्हणून काम अडले, असे सांगणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा चित्रपट पाहावा. १९७८ साली त्यांनीच राजकीय कैद्यांवर 'ज़मीर के बंदी' केला. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांची पिढी आता विरळ होत चालली आहे. ज्यांनी तो काळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी या दोन्ही चित्रपटांचे मोल वाढले आहे.

शहरातील दलित वस्त्यांचा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर 'जय भीम कॉम्रेड' (२०११) पाहावा. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. दिग्दर्शकाने या घटनेचा माग चौदा वर्षे काढला. तीन तासांच्या आसपासचा हा चित्रपट एका बैठकीत दाखवणे कठीण जाते, म्हणून दोन रात्रींत दाखवावा. जलशांची, शाहिरीची परंपरा खानदेशातही आहे. आपल्या गाण्यातून आपण कोणाला बोलावतो आणि कोणाला नकळत बाहेर ठेवतो, हा प्रश्न हा चित्रपट डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांपुढे ठेवतो. तो बोचणारा आहे. म्हणूनच तो आपल्याच शिबिरात दाखवला गेला पाहिजे.

कामगारांच्या बाबतीत एक परदेशी उदाहरण देतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात ब्रुकसाइड येथील कोळसा खाणकामगारांनी १९७३ साली संप केला, तो पुढच्या वर्षापर्यंत चालला. बार्बरा कोपल या तरुण दिग्दर्शिकेने तेथे राहून त्याचे चित्रण केले आणि १९७६ साली 'हार्लन काउंटी यू.एस.ए.' हा चित्रपट पुढे आला. त्याला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. न्यायालयाने खाणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या संपकऱ्यांच्या संख्येवर बंधन घातले, तेव्हा त्यांच्या बायका पुढे आल्या, पहाटे रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्या बैठका, आपापसातील भांडणे, धास्ती, एका तरुण कामगाराचा गोळी लागून झालेला मृत्यू, शेवटी झालेला करार आणि त्या करारानंतरही न संपलेले प्रश्न हे सारे त्यात आहे. अमळनेर, जळगाव, चाळीसगाव आणि धुळे येथील कापड गिरण्यांचे भोंगे बंद झाले त्याला आता बराच काळ लोटला. संपाच्या काळात या गावांतील बायकांनी घर कसे चालवले, उधारी कोणी दिली, कोणी नाकारली, हे आपल्या कोणत्या अहवालात लिहिले आहे?

आता एक हलकाफुलका वाटणारा, पण माझ्या मते गंभीर असा चित्रपट. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिककडे निघाले की मालेगाव लागते. फैजा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा अनुबोधपट केला. यंत्रमागाच्या धुळीत राबणारी माणसे शुक्रवारच्या सुटीत चित्रपट पाहतात आणि शेख नासिर नावाचा त्यांच्यातील एक उद्योगी माणूस स्वतःच्या तुटपुंज्या पैशांत, मित्रांच्या मदतीने विनोदी चित्रपट काढतो, त्याची ही हकीकत. त्यातला सुपरमॅन एक किडकिडीत यंत्रमाग कामगार आहे. चित्रपट २०१२ साली आपल्याकडील चित्रपटगृहांत पोहोचला, तेव्हा तो हयात नव्हता. मोसम नदीच्या दोन काठांवर दोन धर्मांच्या वस्त्या, हेही हा चित्रपट दाखवतो. बॉम्बस्फोट आणि दंगली यांपलीकडे मालेगावचे नाव ज्यांनी कधी ऐकले नाही, त्यांच्यापुढे ही हसती-खेळती, कष्टाळू, कल्पक माणसे ठेवणे हे धर्मनिरपेक्षतेवरील दहा व्याख्यानांइतके परिणामकारक ठरेल. आणि या चित्रपटात एकटा माणूस काहीच करू शकत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. एकाची सायकल, दुसऱ्याची गाडी, तिसऱ्याचे कपडे असे सारे जमवावे लागते. त्या व्यासपीठावरच्या वक्त्याने ही हकीकत सांगितली असती, तर त्यात एकट्या शेख नासिरचेच नाव उरले असते.

हे चित्रपट दाखवायचे कसे, याविषयी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. पटवर्धनांचे काही चित्रपट दिग्दर्शकाने स्वतःच सर्वांना पाहता येतील असे खुले ठेवले आहेत; इतरांसाठी दिग्दर्शकांना पत्र लिहून परवानगी घ्यावी. पडदा म्हणून पांढरी चादर चालते, पण आवाज मात्र स्पष्ट हवा. अनेक चित्रपट हिंदी-इंग्रजीत आहेत. आपला प्रेक्षक अहिराणी, भिलोरी, पावरी बोलणारा. म्हणून मधे मधे चित्र थांबवून त्याच्या बोलीत सांगणारा माणूस सोबत असावा. चित्रपट संपल्यावर पुढाऱ्याने लगेच भाषणाला उभे राहू नये. आधी स्त्रियांना, तरुणांना बोलू द्यावे. 'आवडला का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. 'आपल्या गावात असे कोणाच्या बाबतीत घडले आहे', असे विचारावे. मग लोक बोलू लागतात आणि त्यातून पुढच्या बैठकीचा विषय मिळतो. ज्या प्रदर्शनानंतर चार नावे वहीत नोंदली गेली नाहीत, ते प्रदर्शन करमणुकीत जमा धरावे.

शेवटी, पाहण्याकडून करण्याकडे येतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली. सहकैदी ती ऐकत होते. त्यांतील एकाने, साने गुरुजींनी, ती लिहून घेतली आणि म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्यापुढे आहे. गुरुजींची ही सवय आधीपासूनची. अमळनेरला वसतिगृहातील मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. कागद आणि शाई एवढेच त्यांचे भांडवल होते. तुमच्यातील प्रत्येकाच्या खिशात आज चित्र आणि आवाज टिपणारे यंत्र आहे, ज्याची पटवर्धनांना १९७४ साली कल्पनाही करता आली नसती.

या यंत्राचे काम आजच सुरू व्हायला हवे, त्याला निकड आहे. शहाद्याला १९७२ साली भूमुक्ती परिषद झाली, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासोबत भिल्ल शेतमजूर उभे राहिले, श्रमिक संघटना निघाली, बायकांनी दारूचे मडके फोडले. त्या वेळी विशीत असलेली माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. गिरणीत शेवटची पाळी केलेले कामगार, मणिबेलीच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या बाया, आणीबाणीत घर सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पत्नी, यांच्यातील दरवर्षी काही जण आपल्याला सोडून जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्याजवळची हकीकतही जाते. त्यांच्याकडे जा. संमती विचारा, नातवंडांना जवळ बसवा आणि बोलू द्या. मधे आपला सिद्धांत घुसडू नका. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी १९२२ साली 'नानूक' हा उत्तर ध्रुवाकडील इनुइट शिकाऱ्याचा चित्रपट केला. तो जगभर गाजला, पण त्यातील काही प्रसंग मुद्दाम जुळवून आणलेले होते, आणि तो डाग त्या चित्रपटाला आजही चिकटलेला आहे. आपल्या नोंदींत हा दोष नको. माणूस अडखळला, चुकला, आपल्याच संघटनेवर चिडून बोलला, तरी ते तसेच राहू द्या. नाव, गाव, तारीख लिहून ठेवा.

असे दहा जणांचे बोलणे जरी येत्या वर्षात नोंदले गेले, तरी अभ्यासिकेत बसलेल्या त्या मुलापुढे ठेवायला आपल्याजवळ काही असेल. त्यात त्याला आपल्याच आजोबांचा आवाज ऐकू येईल. आपले कष्ट वाया गेले ते आपल्या नालायकीमुळे, हा समज ढिला व्हायला तेवढे पुरेल. पुढचे बोलणे मग त्याच्याशी समोरासमोर बसून करता येईल.